चिमणराव पडद्यावर आणाल, पण मग सांगणार कोण?

जुनं_दप्तर
परवा ‘मुलांना मराठी वाचायला कसं लावावं’ या धाग्यावर चतकोर यांनी एक वाक्य टाकलं आणि ते निघून गेले. वाक्य असं: ‘पुस्तकं कशाला हातात द्यायची? चिमणराव, गोट्या, फास्टर फेणे यांच्या नव्याने मालिका काढा. मजा तीच, वेळ वाचतो.’ त्यावर सतरा जणांनी +१ दिलं. तिथे लिहिलं असतं तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा.

‘मजा तीच’ म्हणजे कोणती हो? चिमणराव फसतो, तोंडावर पडतो, बायकोची, काऊची बोलणी खातो, ही? असली पात्रं कुठल्याही फार्समध्ये मिळतील. चिमणराव लिहिणाऱ्या चिं. वि. जोशींची मजा सांगण्यात आहे. सगळी फजिती चिमणराव स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि फजिती झाली हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पुरतं उमगलेलं नसतं. आपल्याला उमगतं, त्याला नाही. हसू येतं ते तिथे. कॅमेरा लावलात की तो सगळंच बघतो, चिमणरावासारखं अर्धवट बघणं त्याला जमत नाही. मग हातात उरतं काय? एक किडकिडीत माणूस, एक आडदांड गुंड्याभाऊ आणि एक सोटा.

माझे वडील कोर्टात नोकरीला होते. ‘चिमणरावांचं चराट’ रात्री जेवणानंतर मोठ्यांदा वाचायचे, समन्स वाचल्यासारखं, एका सुरात, चेहऱ्याची रेघ न हलवता. आई म्हणायची, यांना विनोद कळत नाही. आम्ही भावंडं मात्र पोट धरून लोळायचो. तो सूर कुठल्या मालिकेत आणणार आहात?

दूरदर्शनच्या जुन्या मालिकेतले चिमणराव-गुंड्याभाऊ, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, यांच्याबद्दल तक्रार नाही, उगाच त्यावरून तुटून पडू नका.

चतकोर
सतरा नाही, एकोणीस. मोजून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यम. (आता लगेच ‘तिथेच तुमचं चुकलं’ म्हणून चार प्रतिसाद येतील, ते वाचले असं समजा.) मी हौसेने पुस्तक आणलं. पहिल्या दोन पानांत त्याने विचारलं: पागोटं म्हणजे काय, उपरणं म्हणजे काय, आणा म्हणजे काय, सोवळं म्हणजे काय. तिसऱ्या पानाला तो उठून गेला. पडद्यावर पागोटं दिसलं की प्रश्न मिटला. तुमच्या वडिलांचा सूर प्रत्येक घरात नसतो हो, जुनं दप्तर.

आणि खरं सांगा, प्रभावळकरांचा आवाज कानात न येता चिमणराव वाचता येतो तुम्हाला? मला नाही येत. म्हणजे मालिकेने पुस्तकातून काही काढून घेतलं की त्यात भर घातली?

जुनं_दप्तर
मला येतो. मी मालिकेच्या आधी वाचलंय.

बारीकसारीक
तीन गोष्टी.
‘चराट’ नाही, ‘चऱ्हाट’. शीर्षक ‘चिमणरावांचे चऱ्हाट’, १९३३. ज्या पुस्तकासाठी झोप उडते त्याचं नाव तरी नीट लिहा.
दुसरं म्हणजे, ते मुलांचं पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाही. त्यात चिमणरावाची मुलं मोरू, मैना, राघू आहेत म्हणून आपण मुलांच्या हाती दिलं. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा फेणे ही खरी मुलांची पुस्तकं.
तिसरं, चिमणराव पडद्यावर काही दूरदर्शनने पहिल्यांदा आणला नाही. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावं करून’ केला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिं. वि. गेले १९६३ मध्ये. म्हणजे लेखकाच्या हयातीतच हे झालं होतं. त्यांना चाललं, तुम्हाला चालत नाही.

जुनं_दप्तर
ऱ्ह बद्दल आभारी आहे. सिनेमा चालला म्हणून वाचणाऱ्याचं नुकसान झालं नाही, हे कुठून काढलंत?

रेवाकाठ
आम्ही बडोद्याचे. चिं. वि. इथल्या कॉलेजात पाली शिकवायचे, जातककथांचा माणूस. इथल्या मराठी घरांत ते आपलेच वाटतात, पुण्याने त्यांना परस्पर नेलं असं माझी आजी म्हणायची.

पण सांगायचं वेगळंच आहे. ती मालिका आम्ही पाहिलीच नाही. मुंबई केंद्र इथे दिसत नव्हतं, आमच्याकडे यायचे ते गुजराती कार्यक्रम. दिवाळीत ठाण्याहून मामेभाऊ यायचा आणि गुंड्याभाऊची नक्कल करून दाखवायचा, आम्ही बावळटासारखे बघत बसायचो. मग मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक आणलं. आमचा चिमणराव किडकिडीत नव्हताच मुळी, तो हुबेहूब आमच्या काकांसारखा होता, पोट सुटलेला, कानावर केस. मोठेपणी कुणीतरी मालिकेतला फोटो दाखवला तेव्हा मला खरंच राग आला. हा कोण परका माणूस?

चतकोर
म्हणजे मालिका दिसली नाही म्हणून पुस्तक वाचलंत. दिसली असती तर?

रेवाकाठ
दिसली असती तर आज तुमच्यासारखी लिहीत असते. :)

मोंढा_परभणी
मघापासून वाचतोय. असल्या धाग्यांचा सूर नेहमी तोच: ‘आपण सगळे’, ‘आपलं बालपण’, ‘अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर’. कुठला अख्खा महाराष्ट्र? मुंबई केंद्र सुरू झालं १९७२ ला, वर्षभराने पुण्यात दिसायला लागलं. बाकीच्यांनी काय केलं? आम्ही पेरण्या केल्या.

आमच्याकडे ऐंशीच्या दशकात टॉवर आला तो दिल्ली घेऊन आला. ‘हम लोग’, ‘चित्रहार’. मराठी कार्यक्रम दिसण्यासाठी आमचा मावसभाऊ अँटेना फिरवत गच्चीवर उभा राहायचा आणि मुंग्या दिसायच्या. त्यामुळे लहानपणीची विनोदी मालिका म्हणाल तर आमची ‘मालगुडी डेज’, हिंदीतून. स्वामीचा बाप गणित घालतो ना आंब्यांचं? रामाकडे दहा आंबे, त्याला पंधरा आणे मिळवायचेत, कृष्णाला चारच हवेत, तर कृष्णाने किती द्यावे? आणि स्वामीला पडलेला प्रश्न, आंबे पिकलेत की कच्चे. पुस्तकात हे त्याच्या डोक्यात चालतं. मालिकेत मास्टर मंजुनाथ नुसता समोर बघतो, आणि गिरीश कर्नाड त्याच्याकडे. झालं! कुणी काही सांगावं लागत नाही. तेव्हा ‘कॅमेऱ्याला जमत नाही’ हे मालिकेच्या दिग्दर्शकाला, शंकर नागला सांगा.

आणि पागोटी, सोवळं, वाडे हे पेठेतलं सामान सगळ्या मराठी मुलांचं म्हणून खपवणं आता बास करा.

तळमजला
पेठेत राहणाऱ्या सगळ्यांकडे टीव्ही होता असं वाटतं का तुम्हाला? आमच्या वाड्यात बावीस बिऱ्हाडं आणि टीव्ही एकाकडे. लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा, त्याला कुलूप. काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावलेला, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्यात चिमणराव कायम कपाळाने निळा. आम्ही सतरंजीच्या बाहेर फरशीवर बसायचो, कारण सतरंजी त्यांच्या नातेवाइकांसाठी.

एका रविवारी माझ्या धाकट्या भावाला शिंक आली, एकामागून एक पाच-सहा. त्या बाई उठल्या आणि ‘सर्दी घेऊन येता कशाला’ म्हणून आम्हा दोघांना बाहेर काढून दार लावून घेतलं. आम्ही जिन्यात बसून अर्धा भाग नुसता ऐकला. आत हशा व्हायचा, का ते कळायचं नाही. भाऊ आज बावन्नचा आहे, अजून शिंक आली की मला फोन करतो.

मोंढा_परभणी
वाईट वाटलं. पण तुम्ही जिन्यात तरी होता. आम्ही तीनशे मैलांवर.

तळमजला
तुमचं दुःख मोठं, घ्या. बक्षीस पाठवू का?

जुनं_दप्तर
विषय मालिका आणि पुस्तक आहे. परभणीकर, चिं. वि. पेठेची टोपी उडवतात. स्वतःला शहाणा समजणारा, वरिष्ठांपुढे गोगलगाय होणारा पांढरपेशा पुणेकर हेच त्यांचं गिऱ्हाईक. तुम्ही ज्यावर चिडताय त्यावर तेच आधी हसून गेलेत. पण त्यासाठी वाचावं लागतं.

मोंढा_परभणी
हेच ते. ‘त्यासाठी वाचावं लागतं.’ वाचलंय साहेब. आमच्या शाळेत एक कपाट होतं, किल्ली हेडमास्तरांकडे, पुस्तकं खराब होतील म्हणून उघडायचं नाही. २६ जानेवारीला पाहुण्यांना दाखवायला उघडायचे. सातवीत शिपायाला विडी-काडी देऊन मी त्यातून फास्टर फेणे काढला. परत दिला नाही. तो अजून माझ्याकडे आहे, शाळेच्या शिक्क्यासकट. तुम्ही लोक असं बोलता जणू वाचन तुमच्याकडे वतनात आलंय.

बारीकसारीक
‘तुम्ही लोक’ म्हणजे कोण? स्पष्ट लिहा, नाहीतर लिहू नका.

मोंढा_परभणी
ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

तळमजला
झालं. शंभरी गाठणार आता हा धागा.

जुनं_दप्तर
वतनाचं वाक्य मला लागलं, पण ‘त्यासाठी वाचावं लागतं’ हे माझंही जरा जास्तच झालं. मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

मालगुडीबद्दल मात्र एक मान्य. आंब्यांचं ते खरं आहे. पण फरक बघा, आर. के. नारायण स्वामीची गोष्ट बाहेर उभे राहून सांगतात. स्वामी स्वतः ‘मी’ म्हणत नाही. त्यामुळे कॅमेरा लेखकाच्या जागी उभा राहू शकतो. चिमणरावाच्या जागी कुणाला उभं करणार?

चतकोर
अहो, पात्राला कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लावा. हल्ली सगळ्या मालिकांत करतात.

जुनं_दप्तर
कॅमेऱ्याकडे बघून बोलणाऱ्याला माहीत असतं की आपण विनोद करतोय. संपला चिमणराव.

रेवाकाठ
हे पटलं. (पटायचं नव्हतं.)

सायकलस्वार
फेण्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून. सुमीत राघवनची मालिका मी पाहिली आहे, आणि तोवर माझ्या डोक्यातला बन्या (म्हणजे फास्टर फेणेच) पुसट होता तो तिने पक्का केला. तक्रार २०१७ च्या सिनेमाबद्दल. अमेय वाघ चांगला आहे, ‘ट्टॉक’ पण आहे, प्रभावळकर स्वतः भा. रा. भागवत झालेत तेही गोड आहे. पण फुरसुंगीचं शाळकरी पोरगं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसवलं! विद्याभवन शाळेत शिकणारा पोरगा मोठ्यांच्या आधी चोर पकडतो यातच गंमत होती. विशीतल्या माणसाने चोर पकडला तर तो नुसता चोर पकडणारा माणूस.

फुरसुंगी म्हटलं की आता लोकांना कचरा डेपो आठवतो. तेही एक.

तात्या_टेप
सगळे भांडताय, पण मूळ मालिका बघायची कुठे? त्या काळी टेप महाग, एका टेपवर दुसरं चित्रण करायचे. चिमणरावाचे किती भाग शिल्लक आहेत हे कुणी सांगेल का? पुस्तक चांगलं की मालिका हा वाद घालताय, त्यातली एक बाजू बहुतेक पुसली गेलीय.

बारीकसारीक
त्याच जोडीचा १९७९ चा चित्रपट आहे. तो बघा.

तात्या_टेप
मी मालिका विचारली.

जुनं_दप्तर
तात्यांमुळे माझी बाजू आपोआप भक्कम झाली. पुस्तक दुकानात मिळतं.

तळमजला
कुणाचं पुसलं गेलं यावर खूष होणं बरं दिसत नाही. आणि ‘गोट्या’चं काय? पुस्तक मिळतंच की, तरी माझ्या ऑफिसात त्या मालिकेचं शीर्षकगीत ‘बीज अंकुरे अंकुरे’ म्हटलं की चाळिशीपुढचे सगळे पुढची ओळ गातात. ताम्हनकर विचारले तर दोघांना माहीत, त्यातल्या एकीचं ते माहेर.

चतकोर
गाण्यामुळे तरी गोट्या जिवंत आहे म्हणा.

जुनं_दप्तर
गाणं जिवंत आहे. गोट्याचं बघा तुम्ही.

चतकोर
काल रात्री परत प्रयत्न केला. या वेळी त्याला वाचायला दिलं नाही, मी वाचलं. तुमच्या वडिलांसारखं, समन्सच्या सुरात. पागोटं आलं तेव्हा थांबलो नाही, त्यानेही विचारलं नाही. दीड पान झाल्यावर म्हणाला, ‘बाबा, हे तुझ्या ऑफिसमध्ये झालं?’ मी म्हटलं, माझ्या नाही, चिमणरावाच्या. तर म्हणे, ‘मग तू मी-मी का म्हणतोयस?’

यावरून माझं मत बदललं असं कुणी समजू नये. मालिका हवीच. फक्त हे लिहायचं राहिलं होतं.

जुनं_दप्तर
कुठल्या पानापर्यंत आलात?

चतकोर
सांगणार नाही.

बारीकसारीक
चतकोर, ‘समन्सच्या सुरात’ बरोबर. वर जुनं दप्तर यांनी ‘समन्स वाचल्यासारखं’ लिहिलंय, तेही बरोबर.

मोंढा_परभणी
आता दोघं गळ्यात गळे घाला. माझं पुस्तक शाळेला परत करावं का, यावर मत हवंय. शाळा आहे अजून, कपाटही आहे म्हणतात.

तळमजला
कपाट उघडतात का ते आधी विचारा.

तात्या_टेप
टेपांचं कुणी सांगितलं नाही अजून.