विषय: वहिनींच्या सामानात २० नट आणि ४ रिंगा मावतील का?

प्रेषक: आनंदवलीकर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

वहिनी १४ तारखेच्या विमानाने अमेरिकेहून निघून नाशिकला येत आहेत, हे मंडळाच्या वर्गणीच्या मेलमध्ये वाचले, म्हणून घाईने लिहितो आहे. घरच्या जिम्नीसाठी (मारुती सुझुकीची छोटी फोर व्हील ड्राइव्ह गाडी) मुंबई नाक्यावरच्या एका दुकानदाराने पंधरा इंची, सात इंच रुंद, वजा १५ ऑफसेटच्या (ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतले अंतर, मिलिमीटरमध्ये; वजा असले की चाक बाहेर येते) रिमचा संच चार दिवस बाजूला ठेवला आहे. नटांच्या भोकांचे वर्तुळ ५ × १३९.७ म्हणजे गाडीशी जुळते. परंतु रिमचे मधले भोक ११० मिलिमीटरचे आहे आणि जिम्नीचा हब, म्हणजे चाक ज्यावर चढते तो मधला गोल भाग, १०८ चा. ही फट भरणाऱ्या हब रिंगा आणि शंकूच्या बुडाचे नट पंधरा दिवसांच्या आत मिळणार नाहीत, असे दुकानदार सांगतो, आणि त्याच दमात "रिंगा नसल्या तरी बसतंय, साहेब" असेही सांगतो. टायर २३५/७५ आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) घ्यायचे आहेत. पाऊस लागला की दिंडोरीच्या बागेकडचा शेवटचा दीड किलोमीटर कसा होतो, हे तेथे येऊन गेलेल्यांना सांगायला नको.

वहिनी, जमेल का?

प्रेषक: अण्णा, डेट्रॉइट

नट विकत घेऊ नयेत. माझ्या गराजमध्ये जुन्या गाडीचे चोवीस नट डब्यात पडून आहेत, एम १२ चेच आहेत, मी ते वहिनींकडे पोहोचते करीन. शिवाय २०१४ च्या रॅम १५०० या पिकअपची चार रिमही आहेत आणि त्यांचे वर्तुळसुद्धा ५ × १३९.७ आहे. मंडळाचा कंटेनर कधी जाणार असेल तर ती फुकट न्यावीत. रिंगांबद्दल बोलायचे तर मी ३१ वर्षे याच क्षेत्रात काढली आहेत. शंकूचे नट नीट आवळले की चाक आपोआप मध्यावर येते, रिंग हे मनाचे समाधान आहे.

प्रेषक: चिटणीस

मंडळाचा कंटेनर असा कोणताही नाही. तो २०१६ साली एकदाच गेला होता आणि त्याचा हिशेब अजून मिटायचा आहे. सामान पाठवण्याच्या विनंत्या या लिस्टवर करू नयेत, असे मोदकांच्या साच्यांच्या प्रकरणानंतर ठरले होते. कृपया संबंधितांनी परस्पर बोलावे.

प्रेषक: सातपूरकर

चिटणीसांची क्षमा मागून लिहितो, कारण येथे गप्प राहिलो तर कोणाच्या तरी गाडीचे स्टड खराब होतील.

जिम्नीच्या स्टडचे (नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) आटे एम १२ × १.२५ आहेत, म्हणजे जाडी १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १.२५. अण्णांच्या डब्यातले नट टोयोटा किंवा होंडाचे असतील तर ते १.५ चे असणार. असा नट हाताने एक-दोन फेरे सहज जातो, म्हणून माणूस फसतो. पुढे पाना लावला की आटे सोलून निघतात. अमेरिकेत जिम्नी विकली जात नाही, त्यामुळे तेथील दुकानात तिचे नाव सांगून उपयोग नाही, परंतु सुबारू आणि निसान यांचे आटे १.२५ चेच असतात, तेव्हा त्या नावाने मागावेत आणि बूड ६० अंशांच्या शंकूचे आहे ना, हे बघून घ्यावे. रॅमच्या रिमचे वर्तुळ जुळते हे खरे, मात्र तिचे मधले भोक ७७.८ मिलिमीटरचे असते. १०८ च्या हबवर ती चढणारच कशी?

आता मूळ प्रश्न. रिंगेबाबत अण्णांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. चाकाचा भार रिंग उचलत नाही, तो आवळलेल्या नटांच्या पकडीवर असतो. रिंग बसवताना चाक मध्यावर धरते, एवढेच. चाक हवेत असताना नट ताऱ्याच्या क्रमाने थोडेथोडे आवळले, शेवटी टॉर्क पान्याने १०० न्यूटन-मीटर दिले आणि ८० किलोमीटर चालवून पुन्हा तपासले, तर रिंगेवाचूनही चाक थरथरत नाही. आपल्याकडे मात्र गाडी जॅकवरून खाली घेऊन पान्यावर उभे राहून नट आवळतात, आणि मग ती रिंग लागते.

परंतु आनंदवलीकर ज्या दोन मिलिमीटरसाठी जीव काढत आहेत, त्यापेक्षा मोठा घोळ ऑफसेटचा आहे. मूळ रिम साडेपाच इंची आणि अधिक ५ ऑफसेटची आहे. सात इंची, वजा १५ ची रिम लावली की बाहेरची कड ३९ मिलिमीटर बाहेर येते, आतली मात्र जेमतेम एकच मिलिमीटर सरकते. म्हणजे चाक मडगार्डच्या बाहेर, चिखल दारांवर आणि काचांवर, बेअरिंगवर जास्तीचा ताण, आणि खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका. त्यावर २३५/७५ म्हणजे टायरचा व्यास ६९३ वरून ७३३.५ मिलिमीटर. गाडी २० मिलिमीटर उंच होते हा फायदा, पण पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर बंपरच्या कोपऱ्याला घासतो, वेगाचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असते, आणि १३४ न्यूटन-मीटरचे पेट्रोल इंजिन कसारा घाटात एक गिअर खाली मागते. स्टेपनीचा विचार कोणी केलेला दिसत नाही. संच चार रिमचा आहे. पाचवे चाक जुन्याच मापाचे मागच्या दारावर टांगून फोर व्हील ड्राइव्ह चालवणार का?

शिवाय मोटार वाहन कायद्याचे, गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२ आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो चाकाचा काढतो.

प्रेषक: अण्णा, डेट्रॉइट

डबा उघडून मोजले. आटे १.५ चे निघाले. तथापि, मी "एम १२" लिहिले होते आणि ते चूक नव्हते. बाकीच्या मजकुरावर मला काही म्हणायचे नाही.

प्रेषक: वहिनी

अण्णांनी डबा पाठवू नये, ही विनंती. चिटणीसांनी साच्यांचा विषय काढला म्हणून सांगते, त्या वेळी २३ किलोच्या बॅगेत साडेपाच किलोचे साचे माझ्याच माथी मारले होते आणि विमानतळावर उघडून दाखवतानाही मीच उभी होते. किलोभर नटांची मला अडचण नाही, मात्र ते बंद पाकिटात आणि पावतीसह असावेत. माझ्या वडिलांच्या जिप्सीला असेच कोणीतरी बाहेर आलेले चाक लावून दिले होते. तेव्हापासून त्र्यंबक रस्त्याने जाताना त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असत आणि बोलणे बंद असे. घरात सर्वांना ते बरे वाटे.

प्रेषक: आनंदवलीकर

सर्वांचे आभार.

काल व्हर्निअर घेऊन अंबडला एका ओळखीच्या टर्नरकडे गेलो, कारण रिंग लेथवर अर्ध्या तासात होईल, अशी माझी समजूत होती. त्याने कागदावर ११० आणि १०८ असे आकडे लिहिले, वजाबाकी केली, निम्मे केले आणि माझ्याकडे पाहिले. भिंत एक मिलिमीटरची. "साहेब, ही रिंग नाही, बांगडी आहे. चकमध्येच चपटी होईल." तरी त्याने अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून एक काढून दाखवली, ती आतून १०८ ची बरोबर होती, पण बोटांनी जरा दाबली तर अंडाकृती होत होती. ती माझ्या टेबलावर पेपरवेटच्या कामालाही येत नाही.

तेथून निघून रिमचा संच सोडून दिला. इसार परत मिळाला नाही. मूळ साडेपाच इंची रिमवरच २१५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन टायर घेतले आहेत, स्टेपनीसह पाच. व्यास ७०३.५, म्हणजे उंची पाचच मिलिमीटरने वाढली, पण पूर्ण वळवल्यावर कोठेही घासत नाही आणि मूळ नटच चालतात. परवाच्या वळवानंतर बागेकडे गेलो. टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली होती. पहिल्या पन्नास पावलांत नक्षीच्या खाचा मातीने भरून टायर गुळगुळीत झाला. पुढे लो रेंजमध्ये (हळू पण जोरकस गिअरमध्ये), ब्रेकला पाय न लावता, गाडी हळूहळू बांधापर्यंत गेली. सातपूरकरांचा यावर अर्थातच निराळा उपाय असेल.

वहिनी, नट नकोत. तेवढ्या जागेत टायरमधली हवा मोजणारा एक चांगला गेज मावला तर पाहावा, पावतीसह. चिटणीसांना ही विनंती दिसली नाही, असे समजावे.

प्रेषक: चिटणीस

दिसली.