मदत हवी आहे : वायफायच्या डब्यांची वीज कशी वाचवावी?

मंडळी, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरी फायबरचं कनेक्शन आहे, त्यामुळे भिंतीवर दोन डबे : एक ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो), दुसरा वायफायचा राउटर. दोन्हींच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर छापलंय. म्हणजे प्रत्येकी १२ वॅट, पण तो आकडा कमाल असतो, म्हणून निम्मा धरून दोन्ही मिळून १२ वॅट धरतो. चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटच्या आसपास. कूलरपुढे हे काहीच नाही, बिलाची तक्रार नाहीच.

पंचाईत होते लाईन गेल्यावर. इन्व्हर्टर बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करतो, अडॅप्टर पुन्हा त्याचे १२ करतो. दोन्हीकडे वीज वाया, वर इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं वेगळं. उन्हाळ्यात रात्रभर लाईन नसली की पहाटे बाबांचा पंखा बंद पडतो अन् बोलणी वायफायला बसतात!

ओएनटीलाच वायफाय आहे, मग राउटर काढूनच टाकू का? मागच्या खोलीत रेंज जाईल, पण तिथे मोबाईल पाहतं कोण? वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड बंद केल्याने खरंच फरक पडतो का, कोणी मीटर लावून मोजलंय?

आणि १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (लाईन गेल्यावर डब्यांना थेट १२ व्होल्ट देणारी छोटी बॅटरी) कोणी वापरतंय का? डबे थेट बॅटरीला जोडायची सोय एका भावाने सुचवली, पण चार्जिंगवर बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते. मधे कोणता कन्व्हर्टर लावावा, यवतमाळात मिळेल का?