तातडीची मदत: ग्वादालुपे मातेच्या (म्हणजे येशूची आई मेरी) दर्शनाला किती वेळ लागतो?

अर्धवट_प्रवासी: सोबत सासूबाई आहेत. दुपारी विमान. कोणी दोन तास म्हणतं, कोणी पंधरा मिनिटं. आजच तिकिटं काढायची आहेत, कृपया लवकर सांगा.

खडूस_काका: माद्रिदहून बस धरा, रेल्वे तिथवर जात नाही. मठ १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, नीट बघा. त्याच दुपारी विमान असेल तर विसरा.

अर्धवट_प्रवासी: काका, मेक्सिको सिटीचं विचारतोय!

खडूस_काका: मग तसं लिहायचं ना. मूळ ग्वादालुपे स्पेनचीच. लाकडी मूर्ती आहे, सावळी.

निळी_छत्री: मूळ-बिळ राहू द्या. मेक्सिकोत मूर्ती नाही, कापडावरचं चित्र आहे. १५३१ मध्ये हुआन दिएगो नावाच्या स्थानिक भक्ताच्या अंगावरच्या पांघरुणावर ते उमटलं अशी श्रद्धा. चित्राखाली सरकते पट्टे आहेत. आपण नुसतं उभं राहायचं, पट्टा पुढे नेतो. मन भरलं नाही तर वळसा घालून पुन्हा चढायचं. मी चार वेळा चढले. सासूबाईंना चालवतं का?

अर्धवट_प्रवासी: गुडघे दुखतात.

निळी_छत्री: मग तेपेयाक टेकडीच्या पायऱ्या सोडा. चित्र खालीच, १९७६ च्या गोल बासिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये) आहे. शेजारची जुनी बासिलिका जमीन खचून कललेली दिसेल, घाबरू नका.

लेन्सवाला: पट्ट्यावरून फोटो काढताना कॅमेरा सरळ वर धरा. फ्लॅश नको.

अर्धवट_प्रवासी: फोटोचं विचारलं नव्हतं. मेट्रो जवळ आहे का? ११ ला रात्री पोचतोय, १२ ला सकाळी दर्शन.

चष्मेबद्दूर: सहा नंबरची लाइन, ला विया-बासिलिका स्टेशन. आणि १९२१ मध्ये चित्रापुढे बॉम्ब फुटला होता, त्यात वाकलेला क्रूस तिथेच ठेवलाय. तो चुकवू नका.

निळी_छत्री: थांबा थांबा. ११, १२ कुठल्या महिन्याची?

अर्धवट_प्रवासी: डिसेंबर. का?

निळी_छत्री: अहो, १२ डिसेंबर हा तिचाच सण! आदल्या रात्रीपासून लाखो लोक आवारात झोपतात, मध्यरात्री तिच्यासाठी गाणी म्हणतात. आषाढीला पंढरपुरात उतरून दुपारचं विमान गाठाल का?

चष्मेबद्दूर: प्रत्येक धाग्यात पंढरपूर कशाला? पण त्या दिवशी पंधरा मिनिटं विसराच. गुडघ्यांवर चालत येणारेही असतात. सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका.

अर्धवट_प्रवासी: अरे देवा. परतीचं विमान १४ वर ढकललं तर दंड किती बसेल?

चष्मेबद्दूर: ते विमान कंपनीला विचारा.

खडूस_काका: म्हणून म्हणत होतो, स्पेनला जा.