सिकलसेल तपासणीचा डेटा संशोधनासाठी: फॉर्ममध्ये काय हवंच?

सातपुडा_नोंद
नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायची आहे. आशाताई मोबाइलवर ओडीके या फॉर्म भरायच्या अ‍ॅपमध्ये नोंद करतील. याच डेटावरून आजाराचं प्रमाण काढायचंय. बऱ्याच पाड्यांवर रेंज नाही. नंतर डोकेदुखी कशाची होते?

लालपेशी
रेंजची काळजी नको. कोरा फॉर्म आधी उतरवून घ्या, भरलेले फॉर्म प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्यावर पाठवा. घोळ होतो तो निकालाच्या रकान्यात. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठेवलंत तर सगळी मेहनत वाया. सोल्युबिलिटी या पहिल्या, झटपट चाचणीत वाहक (स्वतः आजारी नाही, पण मुलांना दोष देऊ शकतो) आणि रुग्ण दोघेही पॉझिटिव्हच येतात. फरक एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या चाचणीने कळतो. दोन्ही निकाल, दोन्ही तारखा वेगळ्या हव्यात. लहान मुलांचं वय महिन्यांत घ्या, कारण सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तीव्र रक्तक्षयातही तेच, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा घ्या. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, हेही विचारा.

आणि काम सुरू झाल्यावर रकान्याचं नाव बदलू नका. एकाच प्रश्नाचे दोन कॉलम होतात.

बारकोड_बरा
एचपीएलसीचे निकाल उशिरा येतात, तेव्हा नावावरून जुळवायला जाऊ नका. एकच माणूस एका यादीत सायसिंग, दुसरीत साईसिंग. छापील बारकोडचे तीन सारखे स्टिकर घ्या: नळीवर, कार्डावर आणि एक फॉर्ममध्ये स्कॅन करायला. हाताने आकडे टाइप करू देऊ नका.

आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांक घेणार असाल तर तो मजकूर म्हणूनच साठवा. डेटाची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की 14 आकडे 9.1E+13 असे दिसतात, आणि तशीच सेव्ह केली की क्रमांक गेलाच.

छेद_कुठाय
शिबिराला आलेल्यांतले टक्के म्हणजे गावातलं प्रमाण नव्हे. दुखणाईत आणि रुग्णांचे नातलग आधी येतात. घरयादी करून घरं चिठ्ठीने निवडा. न भेटलेल्यांचीही नोंद ठेवा, कारणासकट. दिवाळीनंतर कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात, होळीला परततात. तारखा त्या हिशोबाने.

सातपुडा_नोंद
धन्यवाद. पाडा चाळीस घरांचा असेल तर नावं काढली तरी ओळख पटेलच ना?

लालपेशी
पटते. पाडा, वय, लिंग एवढ्यावर मुलगी ओळखू येते, आणि वाहक असल्याचं फुटलं तर सोयरीक अडते. बाहेर देताना पाड्याऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट, पाचपेक्षा कमी आकडा झाकलेला. जीपीएस तर देऊच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातसुद्धा ग्रामीण ठिकाणं मुद्दाम 5 किमीपर्यंत सरकवतात, काही तर 10. बारकोड आणि नावांची यादी वेगळ्या संगणकावर, कुलूपबंद.

एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) मंजुरी नोंदी घेण्याआधी हवी, नंतर मागून मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलांची स्वतःची संमतीही लागते, पालकांची असली तरी. तपासणीची आणि संशोधनाची संमती वेगळी घ्या. दुसरीला नाही म्हटलं तरी तपासणी व्हायलाच हवी, तसा रकाना फॉर्ममध्येच ठेवा.