मदत हवी आहे: घरच्या कोकम आगळाची जाहिरात पैसे न घालता कशी करावी?

नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातली. सासूबाई आणि मी मिळून घरी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं (कोकमाची वाळवलेली सालं) आणि कुळथाची पिठी करतो. परसात रतांब्याची, म्हणजे कोकमाची, ९ झाडं आहेत, कमी पडतील ते रतांबे वाडीतूनच विकत घेतो. यंदा पावसाच्या धास्तीने मे महिनाभर हातघाईवर आलो होतो. १४० बाटल्या आगळ भरलं, त्यातल्या ५२ गेल्या आणि त्याही बहुतेक नात्यागोत्यात.

आगळात आम्ही मीठ सोडून काही घालत नाही, रंगही नाही. सोलांना रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा उन्हात वाळवतो, म्हणून ती काळसर आणि मऊ राहतात. बाजारातल्या लालभडक सरबताची सवय झालेला माणूस विचारतो, "हे काळं का?" हे समजावून सांगितलं की माणूस घेतोच, हा माझा अनुभव आहे. पण समोर बसवून सांगणार किती जणांना?

इन्स्टाग्रामवर मार्चपासून खातं आहे. ३१ पोस्ट टाकल्या: बाटलीचा फोटो, खाली किंमत आणि सणाच्या शुभेच्छा. ४०० च्या वर फॉलोअर झाले, पण त्यातले बरेचसे आमच्याच पंचक्रोशीतले, ज्यांच्या घरी स्वतःचं आगळ असतं. मुंबई-पुण्याहून कोणी विचारलंच तर "किंमत?" एवढंच लिहितात आणि पुढे गप्प. जाहिरातीला पैसे घालणं सध्या शक्य नाही, बाटल्यांचेच पैसे देणे आहेत. पैसे देऊन फॉलोअर वाढवून देतो म्हणणारेही भेटले. ते मला नको, कारण खोट्या माणसांना आगळ लागत नाही.

गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा थोडा खप होईल. त्याआधी काय करता येईल? फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं सांभाळायला वेळ नाही. एकच धरायचं तर कोणतं?

प्रतिसाद
ताई, तुमच्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस. ॲप फुकट आहे आणि त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे किंमत आणि बाटलीचं माप एकदाच लिहायचं. ज्या ५२ बाटल्या गेल्या, त्या घरांपासून सुरुवात करा. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. हे माहीत नसल्याने मी चार महिने हवेतच संदेश पाठवत होते. बाटलीवर नंबर छापा आणि "सेव्ह करा, पुढच्या हंगामाची खबर देईन" असं लिहा. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घालू नका. लोक तक्रार करतात आणि नंबर बंद होऊ शकतो.

प्रतिसाद
मी चिपळूणला पापड-कुरडया विकते. गिऱ्हाईक घरी येऊन माल नेत असेल तर गूगलवर व्यवसायाची नोंद करा, तीही फुकट असते. सुट्टीत गावी आलेली माणसं "जवळपास कोकम" असं शोधतात. आलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सांगा, लाजू नका. लेबलवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) १४ आकडी नंबर आहे ना? अनोळखी माणूस खाण्याची वस्तू घेताना आधी तो बघतो.

प्रतिसाद
पोस्टचं म्हणाल तर, तुमच्या या धाग्यातलाच दुसरा परिच्छेद वाचून मला आगळ घ्यावंसं वाटलं. "हे काळं का?" हाच पहिला रील करा. रतांबा फोडतानाचा हात, मीठ, ऊन, सोलांची पुटं. मे महिन्याचं चित्रण मोबाइलमध्ये असेलच. नसेल तर सोलकढी करताना दाखवा: नारळाच्या दुधात आगळ पडल्यावर रंग कसा येतो ते. खात्याच्या नावातच "कोकम आगळ, कुडाळ" असं लिहा, शोधणाऱ्याला सापडेल. किंमत उघड लिहा आणि कुरिअरचा खर्चही सांगून टाका. माझ्या मते माणसं गप्प होतात ती तिथेच.

धागाकर्ती
मनापासून आभार. नंबर सेव्ह करायची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. काल जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. २३ जणांनी नंबर सेव्ह केला आणि दोघींनी गणपतीसाठी ६ बाटल्या सांगितल्या. एफएसएसएआयची नोंदणी आहे, पण लेबलवर नंबर अगदी बारीक छापलाय, तो मोठा करून घेते.

मे महिन्याचं चित्रण नाही, सोलकढीचंच करीन. सासूबाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाहीत, पण सगळी माहिती त्यांच्याकडे आहे आणि मालवणीत त्या फार गोड सांगतात. नुसते त्यांचे हात दिसले आणि आवाज त्यांचाच ठेवला तर पुण्या-मुंबईच्या माणसाला कळेल का, की खाली प्रमाण मराठीत लिहायला हवं? कोणी असं केलं असेल तर सांगा.