रविवारची टेस्ट, उपासना आणि ‘देव रागावेल का?’

नगरची_आई
सगळ्यांना सलाम. मुलगी दहावीला आहे, क्लासवाल्यांनी यंदा दर रविवारी ९ ते १२ टेस्ट ठेवलीय आणि आमची उपासना साडेनऊला, म्हणजे बोर्डापर्यंत तिचं चर्च बंदच म्हणायचं. सरांना भेटून आले, दुपारी बसू द्या म्हटलं, तर म्हणे एकीसाठी वेगळा पेपर कुठून काढू. परवा रात्री ओटा पुसता पुसता तिनंच विचारलं, मम्मी मी नाही आले तर देव रागावेल का? मी म्हटलं नाही. आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अगं हो म्हण! नाही म्हणालीस तर ही पुन्हा पाय ठेवेल का तिथं!"

तेव्हापासून घरात हाच विषय. माझं म्हणणं असं की येशू बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो, माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल. आणि हे कधी म्हणतो तर ज्या रात्री तो पकडला गेला त्याच रात्री, शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर. आधी स्वतः वाकला मग आज्ञेचं बोलला. मग मी पोरीला देवाचा धाक कशाला घालू? शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विसाव्याचा दिवस, आपला रविवार, पाळावा ही आज्ञा आहेच, ती मला मान्य आहे, मी जाणारच, पण तिनं माझ्या नाहीतर देवाच्या रागाला घाबरून बाकावर येऊन बसावं हे मला नकोय. नवऱ्याचं वेगळंच, एक वर्षाचा प्रश्न आहे, देव समजून घेतो. तुम्ही घरी काय सांगता?

जुनी_संडेस्कूल
सासूबाईंचं बरोबर आहे. राग मानू नको बाई पण तुम्ही आताच्या आया मुलांना फार विचारत बसता. परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ हे नीतिसूत्रांत लिहिलंय, ते काय उगाच? प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनं १५२९ साली साध्या माणसांसाठी प्रश्नोत्तरी लिहिली, त्यात दहाही आज्ञांचा अर्थ सांगताना सुरुवात हीच, की आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी. भय आधी! आम्हाला संडे स्कूलमध्ये आज्ञा पाठ नसल्या तर नाताळच्या नाटकात घेत नसत. प्रेम कळायला वय लागतं, सवय लहानपणीच लागते. सवय मोडली की प्रेम कशावर बसवणार?

निरीश्वर_पुणे
मी ख्रिस्ती घरातच वाढलो, आता कुठंच जात नाही. तुम्हा दोघींपैकी मला जुनी_संडेस्कूल आजी जास्त प्रामाणिक वाटल्या. धाक उघड असतो, माणूस त्याच्याशी भांडू तरी शकतो. ‘माझ्यावर प्रेम असेल तर ऐकशील’ हे वाक्य कुठल्याही आईच्या तोंडी घालून बघा, सरळ इमोशनल ब्लॅकमेल आहे. माझी आई कधी ओरडली नाही, फक्त म्हणायची येशूनं तुझ्यासाठी एवढं सोसलं आणि तुला दीड तास बसवत नाही. ते ऐकून मी वर्षानुवर्षं गेलो आणि ज्या दिवशी होस्टेलला आलो त्या दिवशी सुटलो. नगरची_आई, तुम्ही धाक काढून त्या जागी अपराधीपणा ठेवताय, एवढंच.

नगरची_आई
@निरीश्वर_पुणे हे लागलं मला, आणि थोडं खरंही आहे कारण ‘तुझ्यासाठी एवढं सोसलं’ हे आमच्याकडंही सर्रास म्हणतात. पण ब्लॅकमेलमध्ये ऐकलं नाही तर प्रेम काढून घेण्याची धमकी असते ना? इथं बघा, येशूला पकडल्यावर त्याच्या शिष्यानं, पेत्रानं, त्याच रात्री तीनदा सांगितलं मी ह्याला ओळखत नाही. नंतर समुद्राकाठी येशू त्याला भेटतो तर विस्तवावर मासे भाजलेले, भाकर तयार, आधी खायला घालतो आणि मग विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का. का नाकारलंस हे विचारतच नाही. आणि लगेच कामाला लावतो, माझी मेंढरं चार. आज्ञा मोडणाऱ्याशी तो असा वागला, तर पोरीला ‘रागावेल’ असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

वसईकर
आम्ही कॅथलिक, आमच्याकडं रविवारची मिस्सा (आमची उपासना) बंधनकारकच आहे, कारण नसताना चुकवली तर कन्फेशनला, म्हणजे फादरपुढं पापाची कबुली देताना, सांगावं लागतं. तरी कॅटेकिझममध्ये (धर्मशिक्षणात) हेही शिकवतात की नरकाच्या भीतीनं झालेला पश्चात्ताप अपुरा आणि देवावरच्या प्रेमापोटी झालेला पूर्ण. पण अपुरासुद्धा कन्फेशनला चालतो हां, फादर हाकलून देत नाहीत! म्हणजे भीतीनं आलेल्यालाही आत घेतात, फक्त तिथंच थांबू नको म्हणतात. मला हे जास्त माणसाळलेलं वाटतं. बाय द वे आमच्याकडं शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात, सगळी दहावी-बारावीची पोरं तिथंच असतात. तुमच्या पाळकांना विचारा ना असं काही जमतं का.

पाळकांचा_नातू
स्कॉटिश धावपटू एरिक लिडलला विसरले वाटतं सगळे. १९२४ पॅरिस ऑलिम्पिक, १०० मीटरच्या हीट्स रविवारी आल्या म्हणून पळालाच नाही, ती त्याची हुकमी शर्यत होती. मग ४०० मीटर पळाला आणि गोल्ड. क्लासची टेस्ट काय घेऊन बसलात.

निरीश्वर_पुणे
लिडल तेव्हा २२ वर्षांचा होता आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता, त्याच्या आईनं फॉर्म मागं घेतला नव्हता. आणि गोल्ड मिळालं म्हणून गोष्ट सांगता, चौथा आला असता तर संडे स्कूलला कुणी सांगितली असती का?

नगरची_आई
गोल्डचं बरोबर बोललात, मलाही ते तसं सांगितलेलं आवडत नाही, देवाचं ऐकलं की मार्क्स मिळतात असं मुलांना वाटतं आणि मग नाही मिळाले की देवच खोटा. पण लिडलची पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. तो चीनमध्ये मिशनरी होता, युद्धात जपान्यांनी वेइश्येनच्या छावणीत डांबलं, तिथंच १९४५ ला ब्रेन ट्यूमरनं गेला. त्या छावणीत शेकडो पोरं होती, रविवारी खेळायला लागली की मारामाऱ्या. आधी तो रविवारी खेळ नको म्हणणाऱ्यांतलाच, पण नंतर स्वतः शिट्टी घेऊन रविवारी रेफरी म्हणून उभा राहिला. ऑलिम्पिकसाठी जे मोडलं नाही ते पोरांसाठी मोडलं. मोडलं म्हणायचं की पाळलं? शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचंच आहे. मला वाटतं ज्याचं प्रेम आहे त्यालाच कळतं कुठं ताठ राहायचं आणि कुठं वाकायचं, घाबरलेला माणूस नुसता नियम मोजत बसतो.

जुनी_संडेस्कूल
लिडलला ते कळलं कारण आधी आयुष्यभर काटेकोर पाळलं होतं म्हणून! तुझी पोरगी आत्ताच वाकायला शिकली तर ताठ कधी होणार?

पाळकांचा_नातू
हा पॉइंट आहे.

निरीश्वर_पुणे
सरळ विचारतो. दहावी झाली, टेस्ट संपल्या, तरी ती आली नाही तर?

नगरची_आई
तर नाही येणार. त्रास होईल, सासूबाई मला दोष देतील, मीही रडेन. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, १९०० ला, नवरा एवढा मोठा कवी, एवढा वक्ता, तरी पाच वर्षं त्या त्यांच्या सांगण्यावरून हलल्या नाहीत, स्वतःला पटलं तेव्हा आल्या. मी काय टिळकांपेक्षा मोठी आहे का. मी माझं जात राहीन, घरातली संध्याकाळची प्रार्थना चालू राहील, क्लासवाल्यांना खोटं आजारपणाचं कारण सांगून सुट्टी काढायला लावणार नाही (हेही सुचवलंय एका नातेवाईकांनी, शब्बाथ पाळण्यासाठी खोटं बोला, कमाल आहे). वसईकर, शनिवारचं पाळकसाहेबांना विचारलंय, कमिटीत मांडतो म्हणाले.

जुनी_संडेस्कूल
कमिटीत गेलं म्हणजे पोरगी बारावी होईल. तोवर शनिवारच्या तरुण संघाला पाठव, सहाला असतो, आणि विचारत बसू नको, चल म्हण.

नगरची_आई
विचारणार आजी. पण चल असंही म्हणेन.