ग्लायसिल-ग्लायसिनला बाययुरेट टेस्टमध्ये जांभळा रंगच येईना, बाटली खराब झाली का?

सायकलवर_अमळनेर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमला आहे, कॉलेज जळगाव जिल्ह्यातलंच, नाव सांगत नाही कारण प्रकरण जरा नाजूक आहे. प्रोजेक्टसाठी ग्लायसिल-ग्लायसिनची (ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडलेलं छोटं पेप्टाइड) २५ ग्रॅमची बाटली आली, पांढरी बारीक पावडर, लेबलवर ९९ टक्के लिहिलंय. सर म्हणाले आधी पेप्टाइड आहे की नाही बघून घे, म्हणून बाययुरेट टेस्ट केली, म्हणजे प्रथिनं-पेप्टाइड असलं की निळं रिएजंट जांभळं होतं ती, तर निळं ते निळंच. अंड्याच्या पांढऱ्याला तेच रिएजंट मस्त जांभळं होतंय, म्हणजे रिएजंटचा दोष नाही. तीनदा केली, चिमूटभर जास्त टाकून पण बघितलं, निळं फक्त अजून गडद झालं. आता लॅबमध्ये म्हणतात तू झाकण नीट लावलं नाही म्हणून माल खराब झाला, नवीन बाटलीचे पैसे तू भर.

आणि दुसरी कटकट अशी की याचंच ०.१ मोलर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) केलं, सकाळी पीएच ८.२ ला आणून ठेवला आणि दुपारी तीनला बघतो तर ७.९. सकाळी लॅबमध्ये २८ डिग्री होतं, दुपारी ४०, एसी आठवडाभर बंद पडलाय आणि आपल्याकडचा मे म्हणजे सांगायलाच नको. सगळे म्हणतात बघ, पावडर सडली. दोन दिवस झाले झोप नाही.

पिपेटवाली_ताई:
पैसे भरू नको रे भाऊ, एक रुपया पण नको. तुझी पावडर अगदी बरोबर वागतेय.

बाययुरेटमध्ये काय होतं, अल्कलीमध्ये तांबं पेप्टाइड बंधातल्या नायट्रोजनांना धरतं आणि जांभळा कॉम्प्लेक्स बनतो, पण त्यासाठी कमीत कमी दोन पेप्टाइड बंध लागतात, म्हणजे ट्रायपेप्टाइडपासून पुढे. ग्लायसिल-ग्लायसिन म्हणजे दोन ग्लायसिन आणि मध्ये बंध एकच. भुसावळवाल्यांच्या भाषेत, दोन डबे, कपलिंग एकच. तांब्याला हे धरतं, म्हणूनच तुझं निळं गडद झालं, पण त्याचा रंग निळाच राहतो. अंड्यातल्या अल्ब्युमिनमध्ये असे शेकडो बंध आहेत, त्याच्याशी तुलना कशी करणार!

तुला निनहायड्रिन टेस्ट करायला हवी होती, ती मोकळा अमिनो गट दाखवते. एका टोकाला मोकळा अमिनो गट आहे त्यामुळे जांभळा येणारच. पण तेवढ्यावर थांबू नको कारण साधं ग्लायसिन पण तसाच रंग देतं. टीएलसी लाव, म्हणजे प्लेटवर ठिपके चढवून पदार्थ वेगळे करायचे, ब्युटेनॉल, अॅसिटिक अॅसिड, पाणी ४:१:१, एका लेनमध्ये ग्लायसिन, दुसऱ्यात तुझी पावडर, तिसऱ्यात दोघांचं मिक्स. चौथी लेन हवी असेल तर थोडी पावडर ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये सीलबंद नळीत ११० डिग्रीला २४ तास ठेव, अॅसिड उडवून मग स्पॉट कर, बंध तुटून नुसतं ग्लायसिन उरतं. ही प्लेट सरांसमोर ठेवली की विषय संपला. अॅसिडचं काम फ्यूम हूडमध्येच, आणि निनहायड्रिन फवारताना ग्लोव्ह्ज विसरू नको.

खतवाला_चोपडा:
मी केमिस्ट्रीवाला नाही, कृषी सेवा केंद्र आहे, पण बाययुरेट हा आमच्या धंद्यातला शब्द म्हणून मधे बोलतो. युरिया तापवला की त्यातून बाययुरेट तयार होतं, कारखान्यात पण थोडं होतंच, आणि खत नियंत्रण आदेशात युरियात ते दीड टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. जास्त असलं आणि पानावर फवारलं तर पानं पिवळी पडतात, मग शेतकरी आमच्या नावाने बोंब मारतो. म्हणजे तुमच्या टेस्टमध्ये युरियाचं काय काम ते कोणी सांगेल का?

पिपेटवाली_ताई:
काका, मस्त प्रश्न. रिएजंटमध्ये बाययुरेट नसतंच, त्यात मोरचूद, कॉस्टिक सोडा आणि टार्टरेट असतं. बाययुरेट हा पदार्थ तांब्याबरोबर तोच जांभळा रंग देतो म्हणून टेस्टला त्याचं नाव पडलं. तुमच्या युरियातलं बाययुरेट जांभळं होईल आणि या बिचाऱ्याचं खरं डायपेप्टाइड होणार नाही, अशी गंमत आहे.

निवृत्त_धुळे:
पहिल्या प्रश्नाचं ताईंनी सांगितलंच, मी पीएचवर बोलतो. ग्लायसिल-ग्लायसिनच्या अमिनो गटाचा पीकेए (ज्या पीएचला तो अर्धा प्रोटॉन सोडतो) २५ डिग्रीला साधारण ८.२ आहे आणि तापमान एक डिग्री वाढलं की तो अंदाजे ०.०२५ ने खाली येतो. तुझे १२ डिग्री वाढले, गुणाकार कर, ०.३ येतात. ८.२ वजा ०.३ किती? तेच तर तुझा मीटर दाखवतोय. ट्रिस या दुसऱ्या बफरचं पण असंच असतं. मीटरला तापमानाची दुरुस्ती असते ती इलेक्ट्रोडसाठी, बफर स्वतःच हललं तर ती काही करत नाही.

आमच्या उमेदवारीत मी थंड्या सकाळी बफर करून ३७ डिग्रीच्या पाण्यात एन्झाइम चालवायचो आणि रीडिंग पडलं की एन्झाइमला शिव्या द्यायचो, महिनाभर. तुझा प्रोजेक्ट कशावर आहे? गॅमा-जीटी (ग्लुटामिल गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारं एन्झाइम) असेल तर हे नुसतं बफर नाही, ग्लुटामिल गट हेच उचलून घेतं. तेव्हा वॉटर बाथमध्ये ३७ ला आणून तिथेच पीएच लाव.

अजून एक, लेबल परत वाच. साधं असेल तर रेणुभार १३२.१२ म्हणजे १०० मिलीला १.३२ ग्रॅम, आणि पीएच ८.२ ला आणायला १ नॉर्मल कॉस्टिक साधारण ५ मिली लागतं. हायड्रोक्लोराइड असेल तर रेणुभार वेगळा, द्रावण सुरुवातीलाच चांगलं आंबट आणि कॉस्टिक कितीतरी जास्त पितं. आणि याच बफरमध्ये प्रोटीन मोजायचं असेल तर तांब्यावर चालणारी लॉरी पद्धत करू नको, हे तांब्यात लुडबुड करतं, रंगद्रव्यावर चालणारी ब्रॅडफर्ड कर. बाटली झाकण घट्ट लावून कोरड्यात ठेव, पावसाळ्यात डेसिकेटर बरा. द्रावण मात्र जंतूंना खाऊच आहे, गाळून फ्रीजमध्ये ठेव आणि आठवड्यात संपव. उकळत बसू नको, जास्त तापवलं तर काही भाग वळून रिंग होतो.

सायकलवर_अमळनेर:
सर, ताई, काका, सगळ्यांचे आभार. हो, गॅमा-जीटीच आहे. लेबलवर १३२.१ लिहिलंय, हायड्रोक्लोराइड नाही, आणि कॉस्टिक मला ४.९ मिली लागलं होतं, वहीत लिहिलेलं सापडलं. काल टीएलसी लावली, ग्लायसिनचा ठिपका वेगळा, माझा वेगळा, आणि मिक्सच्या लेनमध्ये दोन. अॅसिडची नळी उद्या उघडणार. सरांनी प्लेट उजेडाकडे धरून बघितली, "हं" म्हणाले आणि खिशात घालून घेऊन गेले. पैशांचं अजून कोणी काही बोललेलं नाही.

ग्लोव्ह्ज मात्र विसरलो. घरी आलो तर आई बोटं बघून विचारते, काय रे, एवढ्यात जांभळं आली का बाजारात?